गाय, मॅक आणि कच्चा खर्डा

मराठी माणूस निवडीच्या बाबतीत मोठा चोखंदळ. भेंडी घेताना तो तिचं टोक मोडून बघतो, कलिंगडावर टिचकी मारतो, नारळ कानाशी नेऊन हलवतो आणि खरबुजाचा वास घेतो. एवढं करून शेवटी घ्यायची ती नासकी वस्तूच घेतो, पण रीतसर घेतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र ही सगळी विद्या फुकट जाते. सॉफ्टवेअरचं टोक मोडता येत नाही. टिचकी मारली तर भलतंच काहीतरी उघडतं, आणि वास यायचाच तर तो बिल आल्यावर येतो.

त्यातून हे सॉफ्टवेअर जर दुसरं सॉफ्टवेअर कसं दिसावं हे ठरवण्याचं असेल, तर विचारूच नका. मोबाइलवर बोट ठेवायच्या आधी तिथे बटण असावं लागतं, आणि बटण असण्याआधी ते कुठे असावं हे कुणीतरी ठरवावं लागतं. या ठरवण्याला म्हणतात इंटरफेस डिझाइन. ठरवलेलं बटण खरोखर काम करण्याआधी नुसतं काम केल्यासारखं दाखवायचं, याला म्हणतात प्रोटोटायपिंग. दोन्हीसाठी बाजारात हत्यारं आहेत आणि हत्यारं म्हटल्यावर लढाई आलीच. ती लढाई मी भांडगावात पाहिली.

भांडगाव आमचं मूळ गाव. तालुका दौंड. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडलं आणि चौफुला अजून यायचा असला, की मध्ये लागतं ते. आजूबाजूला ऊस. वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडला निघते ती याच वाटेने. गावाच्या नावावर विनोद करण्याचा हक्क फक्त गावकऱ्यांना आहे, आणि ते तो बजावत नाहीत. कारण सकाळ-संध्याकाळ धारा काढणाऱ्या माणसाला भांडायला सवडच नसते. पण त्या रविवारी दादाच्या ओसरीवर गावाचं नाव सार्थ करणं चालू होतं.

"आलास? बरं झालं," दादा म्हणाला. "तू ब्यांकेत हाईस, तूच निवाडा कर. ह्यास्नी मॅक पायजे म्हणत्यात. म्हंजे गौरी इकायची."

माणूस बँकेत आहे याचा गावातला अर्थ, त्याला सगळं कळतं. विहिरीला पाणी लागेल का, मुलगी कुठे द्यावी, गुडघ्याचं ऑपरेशन करावं का. सगळे निवाडे आमच्याकडे. आम्ही आतापर्यंत एवढंच सांगत आलो की शुक्रवारी या. तो रविवार होता, आणि प्रश्न गायीचा होता.

प्रकार असा. पुतण्या पुण्याहून इंजिनिअर होऊन गावी परतला. परतला हे ऐकून लोकांना वाटतं की याला नोकरी लागली नाही; याला लागली होती, यानेच सोडली. गावातल्या एका दूध संकलन केंद्राच्या चालकाने त्याला विचारलं, की दूध घालणाऱ्यांना आपलं लिटर, फॅट, एसएनएफ आणि दहा दिवसांचा पगार मोबाइलवर बघता येईल असं काही करून देतोस का? पुतण्याने दोन मित्र गोळा केले. तिघांनी अॅप करायचं ठरवलं, आणि ते कशात करायचं यावर तीन आठवडे भांडले. तेवढ्या वेळात दोन पगार होऊन गेले होते.

पहिला मित्र मॅकवाला. त्याचं म्हणणं, खरे डिझायनर स्केचमध्ये काम करतात. हे स्केच 2010 साली नेदरलँड्समधल्या लोकांनी काढलं, आणि आज मोबाइलच्या पडद्यांसाठी काम करण्याची जी पद्धत सगळीकडे दिसते, तिच्यात त्याचा वाटा मोठा. अडचण एकच : ते मॅकवरच चालतं. मॅकची किंमत आणि चांगल्या दुभत्या संकरित गायीची किंमत, दोन्ही लाखाच्या घरातल्या. मी कॉमर्सचा माणूस, लगेच दोन रकाने पाडले. गाय चारा खाते, मॅक वीज खातो. गाय दूध देते, मॅक देत नाही. गाय दरवर्षी वासरू देते. मॅकही दरवर्षी नवा येतो, पण तो दुसऱ्याच्या गोठ्यात. शिवाय दुधाचं अॅप करण्यासाठी गाय विकायची, यात काहीतरी हिशेबाबाहेरचं आहे, हे कळायला बी. कॉम. व्हावं लागत नाही.

दुसरा मित्र क्लासवाला. त्याने एका क्लासमध्ये फी भरून अॅडोबी एक्सडी शिकून घेतलं होतं. भरलेली फी वसूल व्हावी म्हणून सगळ्यांनी तेच वापरावं, अशी त्याची साधी, माणुसकीची मागणी होती.

तिसरा आमचा पुतण्या. तो फिग्मावाला. फिग्मा ब्राउझरमध्येच उघडतं, म्हणजे गुगल जिथे चालतं तिथे ते चालतं. एकाच कागदावर तिघे तीन गावांतून एकाच वेळी रेघोट्या मारू शकतात, आणि सुरुवातीपुरतं फुकट आहे. "पण काका," मॅकवाला म्हणाला, "इथं लाइट जाती. लाइट गेली की वायफाय गेलं, वायफाय गेलं की ह्याचं फिग्मा मुकं." मुद्दा बिनतोड होता. स्केच मॅकच्या पोटात असतं, त्याला तारेची गरज नाही. आमच्याकडे शेतीच्या पंपाला वीज कधी मिळते हे ज्याला ठाऊक आहे, तो असल्या मुद्द्याला हसत नाही.

आता मला यातलं काय कळतं, असं तुम्ही विचाराल. वाचकहो, इंटरफेस म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्या मध्ये जे असतं ते. माझ्या काचेच्या अलीकडे संगणक, पलीकडे गिऱ्हाईक आणि मध्ये अर्धगोल भोकापाशी मी. वीस वर्षं मी स्वतः इंटरफेस आहे. मला कुणी डिझाइन केलं नाही, हे खरं आहे; पण माझी बटणं लोकांनी भरपूर दाबली आहेत.

म्हणून मी बँकवाल्याचे दोन प्रश्न विचारले. पहिला : खातं उघडताय ते ठीक, पण बंद करायची वेळ आली तर आपली ठेव परत कशी मिळणार? आणि दुसरा : या धंद्यात आजवर कोण कोण बुडालं?

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मोबाइल निघाले आणि मयतांची यादी बाहेर पडली. फायरवर्क्स नावाचं एक होतं, मॅक्रोमीडिया कंपनीचं, 1998 सालचं. 2005 मध्ये अॅडोबीने मॅक्रोमीडिया घेतली आणि 2013 मध्ये फायरवर्क्स पुढे वाढवायचं नाही असं जाहीर केलं. इनव्हिजन 2011 चं. नुसत्या चित्रांना बटणं जोडून ती चालती असल्यासारखी दाखवायची, या कामात एके काळी त्याचं मोठं नाव होतं. 31 डिसेंबर 2024 ला त्याने या सेवेचं शटर ओढलं. त्याआधी ज्याने आपलं सामान उतरवून घेतलं त्याचं सामान राहिलं. आणि क्लासवाल्याचं एक्सडी? 2016 ला लोकांसमोर आलं, आणि 2023 पासून त्याची स्वतंत्र विक्री बंद. आहे ते चालू ठेवतात, नवीन काही घालत नाहीत. आमच्याकडे अशा माणसाला निवृत्तीपूर्व रजेवर म्हणतात.

क्लासवाल्याचा चेहरा पडला. वहिनीने त्याच्यापुढे चहाची दुसरी कपबशी सरकवली.

फिग्माची गोष्ट तर लग्नाची आहे. कंपनी 2012 ची, सगळ्यांसाठी दार उघडलं 2016 ला. सप्टेंबर 2022 मध्ये अॅडोबीने तिला मागणी घातली : 20 अब्ज डॉलर. आपल्या पैशात सुमारे एक लाख साठ हजार कोटी. सुपारी फुटली. पण युरोप आणि ब्रिटनमधल्या नियंत्रकांनी विचारलं, की हे दोघे एकाच घरात गेल्यावर बाजारात स्पर्धा कुठली उरणार? डिसेंबर 2023 मध्ये लग्न मोडलं आणि वरपक्षाला 1 अब्ज डॉलर मोडणावळ द्यावी लागली. आमच्या तालुक्यात लग्नं मोडली आहेत, मांडव उतरले आहेत, आचाऱ्याची उचल बुडाली आहे. पण मुलीकडचे मालामाल झाले असं कधी झालं नाही. पुढे जुलै 2025 मध्ये फिग्मा स्वतःच्या पायावर न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उतरलं.

"बघा," पुतण्या म्हणाला, "म्हणजे फिग्माच!"

"थांब," मी म्हणालो. "फायरवर्क्सवालेही एके काळी असंच म्हणत असतील. ज्याचं आज चाललंय त्याचं उद्या चालेलच, असं कुठल्याही पासबुकात छापलेलं नसतं."

मग पुतण्यानेच पेनपॉटचं नाव काढलं. हे स्पेनमधल्या लोकांचं, मुक्त स्रोताचं. म्हणजे त्याचा सगळा मालमसाला उघड्यावर. हवं तर आपल्याच संगणकावर मांडून बसा. उद्या मालकाने दुकान बंद केलं तरी तुमच्या घरातला तवा तुमच्याच चुलीवर राहतो. मला ही सोय फार आवडली. ज्याला पैसे कमी आणि भीती जास्त, त्याने तिकडे बघावं.

इतकं झालं तरी निकाल लागेना, कारण मुळातला प्रश्नच कुणी विचारला नव्हता : तुम्हाला या हत्यारातून नेमकं काय काढून घ्यायचं आहे?

आम्ही कॉमर्सला होतो तेव्हा हिशेबाचा क्रम शिकवला होता. आधी कच्चा खर्डा, मग कीर्द, मग खतावणी. खर्ड्यात खाडाखोड चालते, नव्हे, खाडाखोडीसाठीच तो असतो. खतावणीत मात्र खोडरबर लावलं तर ऑडिटर येतो. प्रोटोटाइप म्हणजे हा कच्चा खर्डा. चूक करायचीच आहे, तर ती जिथे सर्वांत स्वस्त पडते तिथे करून घ्यायची. हत्यारं या क्रमाने लावून पाहिली की भांडण निम्म्याने कमी होतं. बाल्सामिक नावाचं एक 2008 पासून आहे. त्यातली चित्रं मुद्दाम हाताने काढल्यासारखी वेडीवाकडी दिसतात. कारण चित्र गुळगुळीत दिसलं की लोक रंगावर बोलतात, आणि वेडंवाकडं दिसलं की मुद्द्यावर बोलतात. हे खर्ड्याचं हत्यार. फिग्मा, स्केच, पेनपॉट ही कीर्दीची : रंग, अक्षर, अंतर, सगळं नीटनेटकं, आणि एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर जाण्यापुरती तालीमही. आणि अॅक्शर नावाचं एक जुनं, जडशीळ हत्यार आहे. त्यात 'अमुक रक्कम भरली तर हे दाखव, नाहीतर ते दाखव' अशा अटीही घालता येतात. ज्यांचे फॉर्म लांबलचक आणि नियम वाकडे, म्हणजे आमच्यासारख्यांचे, त्यांच्या कामाचं.

पण या सगळ्यांच्या आधीचं एक हत्यार आहे, त्याला वीज लागत नाही. 1996 मध्ये पामपायलट नावाचं खिशात मावणारं यंत्र निघालं. ते बनण्यापूर्वी त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स शर्टाच्या खिशात त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा घेऊन हिंडायचा. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीने लिहिल्यासारखं करायचा. लोक त्याला काय म्हणाले असतील ते म्हणोत; पण खिशात काय मावतं आणि दिवसातून किती वेळा ते बाहेर काढावंसं वाटतं, हे त्याला एका ठोकळ्यात कळलं.

"वहिनी," मी हाक मारली, "मागच्या वर्षीचं कॅलेंडर असेल का?"

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे मोबाइलएवढे तुकडे केले. पुतण्याच्या अॅपात चौदा पडदे होते. चौदाही पेन्सिलीने काढले. मग वहिनीला समोर बसवलं. दादाच्या घरातलं दूध तीच घालते, हिशेबाची चिठ्ठी तीच सांभाळते. तिला सांगितलं, हा मोबाइल आहे असं समजा आणि बोट लावा. ती जिथे बोट लावेल तिथला पुढचा कागद पुतण्याने सरकवायचा. आम्ही बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. भांडगावात चार पुरुष ओसरीवर तोंड मिटून बसल्याची ही पहिलीच नोंद असावी.

वहिनीने कागद उलटून पाहिला. "ह्यात सुरू कुठनं करायचं?"

"तुम्हाला पगार बघायचाय असं समजा."

पडद्यावर चार चौकोन होते. एकावर लिहिलं होतं 'व्यवहार इतिहास'. वहिनीचं बोट त्यावर गेलं आणि मागे आलं. "इतिहास नगं. शाळंचा आसंल." पगार नेमका त्याच इतिहासात दडवलेला होता.

दुसऱ्या पडद्यावर फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 असं होतं. टिंब इतकं बारीक, की वहिनी म्हणाली, "पस्तीस? आन् पंच्याऐंशी? येवढी फॅट आपल्या गौरीला लागली आसती तर घर बांधलं आसतं." गावात हे आकडे कुणी असे वाचतच नाही, 'साडेतीन-साडेआठ' ही जोडी गायीच्या दुधाच्या दराचं माप म्हणून सगळ्यांच्या तोंडात असते. तिसऱ्या पडद्यावर फॅट कमी असेल तर आकडा लाल व्हायचा होता. ते तिला समजावून सांगितल्यावर ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "लाल म्हंजे दूध परत केलं का? आसं दिसलं तर मी दुसऱ्या दिशी घालायलाच न्हाई जायाची. लोकांम्होरं कोण परत घेऊन येणार?"

यावर कुणीच हसलं नाही. मॅकवाल्याने तो कागद उचलला, बघितला आणि खाली ठेवला. एका रंगापायी दूध घालणारी बाई केंद्रावर जायची थांबू शकते, हे कुठल्याच सॉफ्टवेअरने त्यांना सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हतं. ते फक्त वहिनीला ठाऊक होतं, आणि तीन आठवडे ती त्याच ओसरीवर चहा आणून देत होती.

काउंटरवरचा माझा अनुभव असा, की माणसं हजार प्रकारची येतात पण प्रश्न तीनच विचारतात : पैसे आले का, किती आले, आणि कमी का आले? पोरांना हे सांगितलं. संध्याकाळच्या धारांपर्यंत चौदाचे तीन पडदे झाले. 'व्यवहार इतिहास' जाऊन 'दुधाचा पगार' आला. टिंब ज्वारीच्या दाण्याएवढं झालं. लाल रंग गेला, आणि त्या जागी 'काल साडेतीन, आज तीन' असं साधं वाक्य आलं. एवढ्या दुरुस्त्यांना खर्च आला एक पेन्सिल आणि उरलेलं कॅलेंडर.

मग हत्याराची निवड पाच मिनिटांत झाली. तिघे तीन घरी बसणार, मॅक एकाकडेही नाही, आणि पुढची तालीम वहिनीच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर, तिच्या हातात व्हायला हवी. या तिन्ही अटी फिग्मात बसत होत्या. पेनपॉटचा पर्याय राखीव ठेवला. शिवाय मी एक अट घातली : महिन्यातून एकदा सगळं काम उतरवून घरच्या डिस्कवर ठेवायचं. आणि हत्यार पारखायचं ते 'लोरेम इप्सम' भरून नव्हे, तर 'दुग्धोत्पादक', 'अर्ध्या', 'ऱ्हास' असले शब्द भरून. इंग्रजी अक्षर ओळीत उभं असतं. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी आणि पायाखाली उकार असतो, त्याला वरखाली जागा लागते. त्यासाठी मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त हा टंक फुकट मिळतो, तो घेतला. मराठी माणसाला समोर ठेवून पडदा आखणं काही नवीन नाही; मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्राने, म्हणजे 1969 पासूनच्या आयडीसीने, स्वरचक्र नावाचा कळफलक काढला. त्यात 'क' दाबला की भोवती का, कि, की असं चक्रच उभं राहतं. बाराखडी ज्याला येते त्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. चांगल्या इंटरफेसची याहून सोपी व्याख्या मला माहीत नाही.

क्लासवाल्याचं शिक्षणही वाया गेलं नाही. एक्सडीत जे बोटांना कळलं होतं, ते फिग्मात दोन दिवसांत चाललं. हत्यार बदललं तरी हात तोच राहतो. सुतार करवत बदलतो म्हणून पुन्हा उमेदवारी करत नाही. मॅकवाल्याने मॅकचा विषय सोडला नाही, पुढच्या वर्षावर ढकलला, आणि दादाने तो मान्य केला. कारण पुढचं वर्ष ही शेतकऱ्याला मुळीच भीती न वाटणारी गोष्ट आहे. गौरी दावणीला राहिली. तिला यातलं काही कळलं नाही, आणि तिच्या मते निकाल योग्यच लागला होता.

दीड महिन्याने अॅप वहिनीच्या फोनवर आलं. दहा दिवसांचा पगार तिने न विचारता काढला, चष्मा न लावता वाचला आणि एकवीस रुपये कमी का, हेही तिथेच तिला दिसलं. केंद्राच्या चालकाला मात्र तो शेवटचा पडदा फारसा आवडलेला नाही, असं पुतण्या म्हणतो. तो काढावा का, यावर सध्या भांडगावात नवं भांडण चालू आहे, आणि त्यात पोरांच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज वहिनीचा आहे.

निघताना तिने मला दारात थांबवलं.

"भाऊजी, तुमच्या ब्यांकेतला त्यो पैसं काढायचा कागद हाय बगा, बारीक अक्षराचा... त्यो कुणी काढला वो?"

"वरून येतो, वहिनी."

"मग त्या वरच्याला येकदा आमच्या वसरीवर आणून बसवा. कॅलेंडर ठिवलंय मी यंदाचं बी."